नोटीस न आलेला माणूस

सदाशिव पेठेतल्या एका अरुंद बोळात दत्तोबाची व्हॅन उभी होती आणि दत्तोबा खाली उतरून माणूस शोधत होता. गाडी मागं घ्यायची तर मागं कुणीतरी उभं राहून हात करायला पाहिजे, असा कंपनीचा नियम होता. वरच्या गॅलरीतले एक आजोबा बराच वेळ हा प्रकार बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"अहो, गाडी मागं घेताय की मुहूर्त काढताय? भटजी पाठवू का?"

"भटजी नको. आपणच या खाली," दत्तोबा म्हणाला. "नुसतं मागं उभं राहायचंय."

आजोबांनी गॅलरीचं दार धाडकन लावून घेतलं. मग क्लासला निघालेल्या एका मुलीनं सायकल बाजूला लावून हात केला, तेव्हा कुठं गाडी हलली.

माणूसच असा. टपाल आणि पार्सलं पोचवणाऱ्या एका खासगी कंपनीत तो ड्रायव्हर होता. येरवड्याला गोदाम. बाकीचे ड्रायव्हर सकाळी किल्ली हातात पडली की सुटायचे, आणि दत्तोबा आपला टायर दाबून बघतोय, ब्रेक बघतोय, दिवे लावून बघतोय. लिफाफा ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात देणार, तोही ओळखपत्र बघून. शेजारीण कितीही गोड बोलली तरी नाही म्हणजे नाही. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे. परके लोक म्हणायचे, काय सरळमार्गी माणूस आहे! कसला डोंबलाचा सरळमार्गी! दत्तोबा नियम पाळायचा तो निव्वळ संशयापोटी.

त्याचं असं झालं. दत्तोबाचं घराणं खराडीचं. आता तिथं काचेच्या इमारती आहेत, तेव्हा ज्वारी होती. एक एजंट आला, दत्तोबाच्या वडिलांच्या, तात्यारावांच्या, पाया पडला आणि म्हणाला, "तात्या, वाचत काय बसता? आपण घरचीच माणसं." तात्यारावांनी न वाचता सही केली आणि रस्त्याकडेची जमीन मातीमोलानं गेली. पुढं तिथंच एक आयटी कंपनी आली. तिथं लिफाफा द्यायला दत्तोबा गेला की पहारेकरी त्याला दारात अडवून विचारायचा, "कुणाकडं जायचंय?" तेव्हापासून दत्तोबानं कानाला खडा लावला. कुणी गोड बोललं की आधी त्याच्या हातातल्या कागदाकडं बघायचं, आणि लिहून दिलंय तेवढंच करायचं. तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. नियमावर बोट ठेवलं की कुणाच्या बापाची बोलायची टाप नाही, अशी त्याची समजूत. बिचाऱ्याला काय माहीत!

दोन हजार पाच साल होतं. पुण्यात ज्याला त्याला नोकरी लागत होती, आणि नोकरी लागली रे लागली की बँका क्रेडिट कार्ड घेऊन त्याच्यामागं धावत होत्या. बँका धावत होत्या म्हणजे काय, धावायचे ते हे ड्रायव्हर! अनिरुद्ध नावाचा नवा मॅनेजर आला होता. एमबीए झालेला, आवाज कधीही न चढवणारा. तो बँकांची कामं घेत सुटला. माणसं तेवढीच, लिफाफे दुप्पट. दुपारचा डबा गाडीतच, तोही एका हातानं. ड्रायव्हर तक्रार घेऊन गेले तेव्हा अनिरुद्ध शांतपणे म्हणाला, "घाई करा असं मी कधी म्हणालो? नियमानं काम करा. नियम तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहेत."

ड्रायव्हरांमध्ये धम्मदीप म्हणून एक होता. येरवड्यातच राहणारा, बारावी झालेला, विचार करून बोलणारा. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "साहेब म्हणतात नियमानं करा. मग करू या की. सगळ्यांनी. एकही नियम सोडायचा नाही."

"आरं, पण नियम कुठले हाईत ते कुणाच्या बापाला ठावं?" मच्छिंद्रनं विचारलं. हा मच्छिंद्र म्हणजे बोलका पोपट, बैठकीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

सगळ्यांच्या माना एकदम दत्तोबाकडं वळल्या. इतकी वर्षं ज्याची टर उडवली, त्याच्याभोवती आता सगळे कोंडाळं करून बसले. दत्तोबानं एकेक नियम सांगितला. खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं.

आणि मग जी मजा झाली! मंडईत गाडी लावायला कायदेशीर जागा मिळेना, म्हणून व्हॅन मंडईभोवती प्रदक्षिणा घालत बसल्या. आयटी कंपनीत कार्ड ज्याच्या नावाचं तो मीटिंगमध्ये, मग ड्रायव्हर बाहेर बाकावर. "अहो, रिसेप्शनला द्या ना, इट्स ओके," पोरं म्हणायची. "नियमात बसत नाही," असं उत्तर. गोदामात लिफाफ्यांचे ढीग लागले, बँकांचे फोन सुरू झाले. अनिरुद्धला कुणावर बोट ठेवता येईना, कारण नियम तर त्याच्याच कंपनीचे.

पण कुठंतरी पाणी मुरत होतं. शनिवारी सगळ्यांनी एकदम गाड्या दुरुस्तीला टाकायच्या, असं टपरीवर ठरलं. शनिवारी सकाळी बघतात तो काय, गेटवर मेकॅनिक आधीच हजर! अनिरुद्धनं त्याला आदल्या दिवशीच बोलावून ठेवलं होतं. पुढच्या बैठकीत ठरलेलंही असंच फुटलं. मग नोटिसा आल्या. तुमचं काम गेल्या महिन्यापेक्षा एवढं का घटलं, त्याचं कारण दाखवा, नाहीतर नोकरीवरून कमी करू. एकूण एक ड्रायव्हरला नोटीस आली. दत्तोबाला आली नाही.

आली नाही कारण त्याचं काम घटलंच नव्हतं. तो आधीही एवढंच करायचा, आताही तेवढंच करत होता. कॉम्प्युटरनं काम घटलेल्यांची नावं काढली, त्यात तो बसला नाही. इतकी साधी गोष्ट. पण नोकरी जायची वेळ आली की साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरते?

"सगळ्यास्नी नोटीस, आन वकीलसाहेब तेवढे साळसूद," मच्छिंद्र टपरीवर म्हणाला. "आता बातमी कोण देतंय ते मी सांगायला पायजे व्हय?"

त्या दिवसापासून दत्तोबा टपरीवर गेला की बोलणं क्रिकेटवर जायचं. तो आला की दोघं उठायचे, तो बसला की तिसरा. धम्मदीप तोंडानं काही म्हणाला नाही, पण बैठक कुठं आहे हे त्यानं दत्तोबाला सांगायचं बंद केलं. दत्तोबाच्या जिवाला ते फार लागलं. आणि मूळचाच संशयी माणूस तो, त्यालाही भलभलतं दिसायला लागलं. धम्मदीप परवा कुणाशी फोनवर कुजबुजत होता? गोदामाच्या गेटवरचा पहारेकरी आज एवढं हसून का बोलला? गोदामात शिरताना तो आधी दारातूनच सगळ्यांचे चेहरे बघून घ्यायचा.

शेवटी एके दिवशी सगळ्यांच्या देखत तो तरातरा अनिरुद्धच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, मला नोटीस द्या."

अनिरुद्धनं चष्मा काढून पुसला. "कशाबद्दल?"

"सगळ्यास्नी दिली. मलाच नाय."

"दत्तोबा, नोटीस मिळवायची तर आधी काहीतरी चुकावं लागतं. तुम्ही गेल्या वर्षीही एवढंच काम करत होता. तुम्ही आंदोलन करताय की नोकरी, हे कॉम्प्युटरला कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही."

"मी त्यांच्यासंगं हाय."

"असालही. दिसत नाही इतकंच." अनिरुद्धनं उठून केबिनचं दार लावलं. "बरं झालं आलात. मी सुरक्षा निरीक्षकाची जागा काढतोय. गाडी चालवायची नाही, पगार जास्त. कोण कुठं वेळ काढतो, कोण काय बोलतो, त्यावर लक्ष ठेवायचं आणि संध्याकाळी मला सांगायचं. नियम तुम्हाला पाठ आहेत. तुमच्याइतका योग्य माणूस नाही."

लोक जो आळ घेत होते, तोच हा माणूस पगार देऊन अंगावर चढवत होता! दिवसभर स्टेअरिंगवर आखडणारी कंबर त्याला क्षणभर आठवली, नाही असं नाही. पण मग बाहेरचे चेहरे आठवले.

"नको साहेब."

"विचार करा."

"केला."

"ठीक आहे. माणसं मिळतात, दत्तोबा."

तो बाहेर आला तर सगळे दारासमोर उभे. "काय वकीलसाहेब, दार लावून काय ठरलं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मी नोटीस मागाय गेलतो," दत्तोबा म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग असा हशा पिकला की गोदामातली कबुतरं उडाली. धम्मदीप तेवढा हसला नाही, पण त्यानं मान फिरवली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

घरी मथुराला, बायकोला, त्यानं सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. "नोटीस मागायला गेला?" ती म्हणाली. "जगात कुणी मागतं का असलं? अहो, माझ्यापाशी तरी खरं सांगा. काय कबूल करून आलाय?"

दत्तोबा ताटावरून उठला तो अंगणात जाऊन बसला. घरच्या बाईनंही विचारावं! त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसता राग आला, सगळ्या दुनियेचा.

सोमवारी सकाळी अनिरुद्धनं सगळ्यांना गोदामात उभं केलं. शेजारी मच्छिंद्र होता, अंगात नवा कोरा निळा शर्ट.

"आजपासून मच्छिंद्र आपले सुरक्षा निरीक्षक," अनिरुद्ध म्हणाला. "गेला महिनाभर कठीण काळात त्यांनी मला वेळोवेळी माहिती दिली. कंपनी अशा माणसांची कदर करते."

सगळ्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मच्छिंद्र छताकडं बघत होता. लाज म्हणून नाही त्या मेल्याला! एकेकाची नजर दत्तोबाकडं वळली आणि खाली गेली. दत्तोबानं कुणाकडंच बघितलं नाही. तो आपल्या गाडीचा टायर दाबून बघत बसला.

संध्याकाळी धम्मदीप खराडीला त्याच्या घरी आला. चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"दत्तोबा, चुकलं आमचं. माझं जास्त चुकलं. मी तुम्हाला ओळखत होतो."

"बस," दत्तोबा म्हणाला.

"बसत नाही. उद्या सकाळी गाड्या काढायच्या नाहीत असं ठरलंय. कामावर यायच्या वेळी सगळ्यांनी गेटसमोर उभं राहायचं, नोटिसा मागं घेईपर्यंत. सगळे दिसले तर साहेबांना खाली येऊन बोलावंच लागेल. एकटादुकटा दिसला तर त्याची नोकरी गेली. म्हणून सगळे पाहिजेत. तुम्ही येणार ना?"

"येतो की," दत्तोबा म्हणाला.

धम्मदीप गेल्यावर मथुरा म्हणाली, "घरी येऊन माफी मागितली पोरानं. आता तरी तोंड सरळ करा."

दत्तोबानं मान हलवली. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते पदरात पडलं होतं. लोकांचा विश्वास बसला होता. पण अंथरुणावर पडला आणि मनात किडा वळवळायला लागला. सगळे येणार, हे एकटा धम्मदीप सांगतोय. आणि नाहीच आले तर? आपल्याला एकट्याला गेटवर उभं करायचा हा डाव तर नसेल? छे, असं कसं असेल. पण मच्छिंद्रबद्दल तरी कुणाला वाटलं होतं?

सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला. गेटसमोर कुणी नव्हतं. तो तिथं जाऊन उभा राहणार, तेवढ्यात पाय अडखळले. आधी दोघंतिघं येऊ देत, मग जाऊ, असं म्हणून रस्त्यापलीकडं पंक्चरच्या बंद दुकानाच्या आडोशाला तो थांबला.

बराच वेळ गेला. गेट रिकामंच. दत्तोबाला वाटलं, बघ, आपला संशय खरा ठरला. एवढ्यात त्याचं लक्ष बसथांब्याकडं गेलं. थांब्याच्या जाहिरातीच्या फलकामागून कुणीतरी मान काढून गेटकडं बघत होतं. धम्मदीप होता. पलीकडं उभ्या टेम्पोच्या आड आणखी एक ड्रायव्हर. हॉटेलच्या दारात, अर्धवट आत, दोघं. सगळे आले होते. एकूण एक आला होता, आणि दुसरा येतोय का ते बघत जो तो लपून उभा होता.

एक हाक मारली असती तरी पुरे होतं. दत्तोबाच्या ओठांपर्यंत हाक आली. पण धम्मदीप तिथं लपलाय कशाला? आपल्याला उघड्यावर आणायला तर नाही? हाक न मारताच तो आडोशात आणखी मागं सरकला.

अनिरुद्धची गाडी आली. गेटपाशी सावकाश झाली. काच खाली झाली. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, रिकाम्या जागेकडं बघितलं आणि हसला. मग मच्छिंद्रनं गेट उघडलं आणि गाडी आत गेली.

थोड्या वेळानं एकेक जण आडोशातून बाहेर पडला. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. रस्ता ओलांडताना धम्मदीप आणि दत्तोबा शेजारी आले.

"तुम्ही कधी आलात?" धम्मदीपनं विचारलं.

"ह्ये काय, आत्ताच," दत्तोबा म्हणाला. "आन तू?"

"मीही आत्ताच."

आणि दोघं खाली मान घालून आत गेले.