गाडी डावीकडे कोण ओढतंय?

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, तसंही तुमच्या हातात नाहीये ते! फक्त आधी चहाचा कप खाली ठेवा.

तर झालं काय, गेल्या हिवाळ्यात मला गाडी खाली करून घ्यायची हुक्की आली. खाली म्हणजे रिकामी नव्हे हो! सस्पेन्शनच्या स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी करायची, जमिनीला चिकटून पळणारी, एकदम रेसिंगची दिसते. नोएडाला आमच्या ऑफिसात एक पोरगा तशी गाडी घेऊन यायचा. सगळं पार्किंग वळून बघायचं. माझ्याकडे बघून अलीकडे कोण वळतं? म्हटलं, निदान गाडीकडे तरी वळू दे!

पम्मीजी नावाच्या एका हसतमुख सरदारजींच्या वर्कशॉपमध्ये काम झालं. निघताना ते म्हणाले, "गाड़ी थोड़ी बैठ जाए, फिर आ जाना. पहियों की अलाइनमेंट कर देंगे."

मी मनात म्हटलं, शुभ बोल नाऱ्या! मराठीत बसण्याचं काही चांगलं ऐकलंय तुम्ही? घसा बसतो, धंदा बसतो, इंजिन बसतं. आणि हा माणूस माझी गाडी बसायची वाट बघतोय! मी ठणकावून सांगितलं, "नहीं बैठेगी, पम्मीजी!" त्यांनी हसून हात जोडले.

आम्ही राहतो दिल्लीत, आर. के. पुरमला, मृणालच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मृणाल म्हणजे बायको. कॉलनीतल्या पहिल्याच स्पीड ब्रेकरवर गाडीच्या पोटातून 'खर्रर्र' असा आवाज आला. मला तो वाघाच्या गुरगुरण्यासारखा वाटला. काय करणार, प्रेम आंधळं असतं!

नेमक्या त्याच वेळी सासूबाई आल्या. पुण्याहून. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं. एरवी मी ऑफिसला मेट्रोनेच जातो, गाडी घरीच असते. पण मृणालला चालवता येत नव्हती.

"दर वेळी तुझ्या मीटिंगा आडव्या येतात," ती म्हणाली. "मीच शिकते. आईला मी नेईन."

तिनं लर्निंग लायसन्स काढलं, गाडीला लाल 'एल' चिकटवला, आणि शिकवायला कोण? अस्मादिक!

पहिल्याच दिवशी गाडी डावीकडे जायला लागली.

"मृणाल, सरळ धर!"

"सरळच धरलंय रे!"

"मग फुटपाथ काय चालत आला आपल्याकडे?"

मागच्या सीटवर सासूबाई होत्या. हौसेनं बसल्या होत्या बिचाऱ्या. खरं म्हणजे बसल्या नव्हत्या, रुतल्या होत्या. "मंदारराव, ही गाडी आहे की पाट मांडलाय जमिनीवर?" त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघं लागायचो, एक ओढायला, एक आधाराला.

आठवडे गेले, तरी मृणालची गाडी डावीकडेच. आणि माझ्या सुपीक डोक्यात प्रकाश पडला. मृणाल डावखुरी आहे! डावा हात बलवान, तोच स्टिअरिंग ओढतो. झालं! मी हा शोध कॉलनीभर सांगितला. तिला उजव्या हातात जाड कडं घालायला लावलं, तोल साधावा म्हणून. काही फरक पडेना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "नज़र तो बिल्कुल ठीक है." मी त्यांना म्हणालो, "ज़रा ठीक से देखिए." कल्पना करा!

मी चालवायचो तेव्हा कशी सरळ जायची? जायची ना! तोच तर माझा पुरावा होता.

एका शनिवारी मृणालनं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवरून हात काढले. "मला नाही जमणार, मंदार. आईसाठी कॅब बोलवत जाऊ." आवाज असा होता की मला पहिल्यांदाच चुकचुकल्यासारखं झालं. ऑफिसात भल्याभल्यांच्या फायली परत पाठवणारी बाई ही! तिला मी रडकुंडीला आणलं होतं.

तिला धीर द्यायला म्हणून (हो, धीरच द्यायचा होता!) दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींना घेऊन निघालो. मार्च होता, कडुलिंब झडत होते, रस्ता रिकामा. म्हटलं, "घाबरू नकोस. गाडी स्वभावाने सरळ असते. आपण ढवळाढवळ केली नाही ना, की ती नाकासमोर जाते. हे बघ, मी हात सोडले!"

आणि सोडले की दोन्ही!

गाडीनं क्षणभरही विचार केला नाही. गेली डावीकडे! झाडलोट करून कुणीतरी पानांचा भलामोठा ढीग कडेला लावला होता, त्यात आमचं रेसिंगचं नाक नांगरासारखं घुसलं. काचेवर पानं, टपावर पानं, उघड्या खिडकीतून माझ्या तोंडात पानं.

मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंदारराव, तुम्हीही डावखुरेच का?"

मृणाल उतरली. पानं बाजूला सारली, वाकली, आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. "मंदार, इकडे ये. हात लाव."

लावला. बाहेरून कोरा करकरीत दिसणारा टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत! टक्कल! एके ठिकाणी तर तारा टोचल्या. मी रोज सकाळी हाच टायर बाहेरून पुसून चमकवत होतो हो!

जपून जपून गाडी पम्मीजींकडे नेली. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे भाईसाहब, गाड़ी नीची करो तो पहियों का एंगल बिगड़ता ही है! अंदर से टायर खा जाती है, एक तरफ़ खिंचती है. मैंने बोला था ना, बैठ जाए तो आना?"

"पर बैठी कहाँ?" मी तावातावानं म्हणालो. "एक बार भी बंद नहीं पड़ी!"

मृणालनं डोळे मिटले. मग हळूच मराठीत म्हणाली, "अरे, स्प्रिंग बसायच्या होत्या. जागेवर. नव्या चपला पायात बसतात ना, तशा."

पुढचे निर्णय तिनं घेतले. जुन्या स्प्रिंग परत, गाडी परत उंच, टायर नवे, आणि अलाइनमेंट तिच्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी गाडी हातात आली. मी ऐटीत चालवायला बसलो, रस्त्यावर आलो, आणि गाडी निघाली उजवीकडे! थेट दुभाजकाच्या दिशेनं!

आता मात्र मी चिडलो. तसाच मागे फिरलो. "पम्मीजी, ये क्या किया? अब दाएँ भाग रही है!"

पम्मीजी स्वतः चालवायला बसले. सरळ. हात सैल सोडले, तरी सरळ. परत येऊन त्यांनी फार प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाईसाहब, गाड़ी एकदम सीधी है. दाएँ आप खींच रहे हो. आदत पड़ गई है आपको."

म्हणजे इतके महिने मी नकळत उजवीकडे ओढत होतो, म्हणून माझी गाडी सरळ जात होती! आणि बिचारी मृणाल प्रामाणिकपणे स्टिअरिंग सरळ धरत होती.

घरी गाडी तिनं आणली. अशी सरळ, की मागे सासूबाईंना डुलकी लागली.

लायसन्स तिला पहिल्याच फटक्यात मिळालं. सासूबाई आता स्वतःच्या पायांनी गाडीत चढतात, उतरतात, आणि फिजिओथेरपी संपली की मायलेकी परस्पर भटकायला जातात. मला फोटो येतात.

परवा मृणालच्या ऑफिसातली मैत्रीण आमच्याबरोबर गाडीत होती. संध्याकाळच्या त्या भयंकर गर्दीतून मृणालनं गाडी लोण्यातून सुरी फिरवावी तशी काढली. मैत्रीण थक्क. "किती छान चालवतेस गं! कुणी शिकवली?"

मी मागच्या सीटवर होतो. शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला, चेहऱ्यावर विनय आणला.

गिअर बदलता बदलता मृणाल म्हणाली, "गाडीनंच. हा नुसता शेजारी बसून ओरडत होता."