नावपत्त्यासकट प्रार्थना

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत दोन टेबलं होती. एकावर इस्त्रीवाले भाऊ कपड्यांना इस्त्री करत, खिडकीजवळच्या दुसऱ्यावर ती रफू करी. सगळे तिला रफूताई म्हणत. जळलेल्या कोटाच्या आतल्या शिवणीतूनच ती धागा ओढून काढायची आणि भोक असं बुजवायची, की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून शोधत बसे. हात चालू असताना ती त्या कोटाच्या मालकासाठी प्रार्थना करी. बावीस वर्षांचा हा नेम. प्रभू ऐकतो याविषयी तिला कधी शंका आली नव्हती.

चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी प्रार्थना सभा भरे. तिथे तिचा शब्द मोठा. तिची प्रार्थना म्हणजे सगळं तपशीलवार: आजाऱ्याचं नाव, दवाखान्याचा मजला, खाटेचा नंबर, गोळ्या सकाळी किती नि रात्री किती. "मोघम मागितलं की मोघमच मिळतं," ती म्हणायची. सभा चालवणाऱ्या पाळकबाई मिटल्या डोळ्यांनी हसू दाबायच्या.

एका बुधवारी तिने भाऊंच्या मुलासाठी मागितलं. मुलाच्या दारूबद्दल भाऊंनी तिला एकटीलाच सांगितलं होतं. तिने डोळे मिटून सगळं प्रभूपुढे मांडलं: गेलेली ड्रायव्हरची नोकरी, जिन्यात पडून फुटलेलं कपाळ, गहाळ झालेली आईची बांगडी. वीस-बावीस माणसांनी मनापासून आमेन म्हटलं.

शुक्रवारी भाऊ टेबलावर इस्त्री अशी आपटत होते, की तिची टाचण्यांची डबी नाचत होती.

"भाऊ, काय बिघडलंय?"

"देवाला माझ्या घरचा पत्ता ठाऊक नव्हता का, ताई?"

तिने हातातला कोट मांडीवर ठेवला.

"किराणावाला विचारतो, बांगडी सापडली का. पोराला वाटतं, बापानेच गावभर केलं. काल पिशवी भरून गेला. मित्राच्या गॅरेजमध्ये पडलाय. तीन आठवडे थेंबाला शिवला नव्हता तो."

बावीस वर्षांत भाऊंनी तिच्यावर असा आवाज चढवला नव्हता. पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतली ती नव्हती. घोळ आपण घातला, तर निस्तरायचाही आपणच. तिने सुई उशीत खुपसली, लॉन्ड्रीच्या मालकाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि थेट गॅरेज गाठलं.

मुलगा टायर धूत होता. तिला पाहून त्याने नळ बंदसुद्धा केला नाही.

"तुझ्या बाबांनी कुणाला काही सांगितलेलं नाही," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मी सांगितलं. प्रार्थनेत."

"मावशी, ती प्रार्थना होती की बातम्या?"

"बातम्या झाल्या रे. चुकलं माझं."

एवढं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. त्याने नळ बंद केला.

"प्रार्थना काही मी सोडणार नाही," ती म्हणाली. "पण आता तुला विचारून करते. काय मागू?"

"दारू सुटावी म्हणून मागा. सगळे तेच मागतात."

"सगळ्यांचं राहू दे. तुला काय हवंय?"

तो टायरवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "घरात पाऊल टाकलं की बाबा तोंडाचा वास घेतात. रोज. प्यायलो नसलो तरी. ते थांबावं."

"बरं. मागते."

"त्यांना सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

शनिवारी भाऊंनी इस्त्रीवरून मान न उचलता विचारलं, "गेल्या होतात म्हणे तुम्ही. काय म्हणाला?"

"तुम्ही काही सांगितलं नव्हतं, हे त्याला पटलंय."

"आणखी?"

"आणखी जे आहे ते प्रभूकडे दिलंय."

"अरे वा. आता तोंडाला कुलूप."

तिने टोमणा गिळला. जीभ तर नुसती वळवळत होती. एक वाक्य बोललं की काम होईल, असं शंभरदा वाटलं. प्रत्येक वेळी ती पुढचा टाका घाली आणि मनात म्हणे, प्रभू, तूच बघ. पुढच्या बुधवारी सभेत ती म्हणाली, "एका बापासाठी आणि एका लेकासाठी." कुणीतरी कुजबुजलं, कोण गं? तिने डोळे उघडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा लॉन्ड्रीच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. भाऊ इस्त्री उभी करून तरातरा पुढे गेले. सवयीने मान पुढे झुकली, नाक त्याच्या तोंडापाशी पोचलं, आणि तिथेच थांबलं. मुलगा श्वास रोखून उभा होता. भाऊंनी ते पाहिलं. त्यांचा हात वर आला आणि कपाळावरच्या व्रणावर टेकला.

"दुखतंय का रे अजून?"

"थोडं," मुलगा म्हणाला आणि त्याने श्वास सोडला.

रफूताई उठली. हातातला कोट तसाच घेऊन ती पुढच्या काउंटरवर जाऊन बसली आणि मधलं दार तिने ओढून घेतलं.