वरच्या मजल्यावरची पंगत

त्या वर्षांत आम्ही वऱ्हाडचे म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली करायचा. पेपरात आणि टीव्हीवर रोज आमच्याकडच्याच बातम्या, आणि त्याही एकाच प्रकारच्या. माझं माहेर चांदूर बाजारचं, सासर तेल्हाऱ्याच्या बाजूचं, त्यामुळे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची कीव माझ्या एकटीच्या पदरात पडायची. जहाजावर पहिल्याच सकाळी चहा घेताना मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, कुठून आलात? मी सांगितलं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अरेरे, तिकडे फारच वाईट चाललंय ना?"

"वाईट हाय बाई," मी म्हटलं, "पण मयतीले आल्यासारकं बोलू नोका. चहा थंडा होते."

त्यांना राग आला असेल. येऊ दे. शेतीची ओढाताण आमच्याही घरी होती, पण तिचं गाऱ्हाणं मी तिथे गायले नाही आणि इथेही गाणार नाही. आम्ही नवरा-बायको अकोल्याहून रेल्वेने मुंबईला आणि मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात आलो होतो ते आमच्या पोराच्या जोरावर. तो त्या जहाजावर नोकरीला होता आणि नोकरांच्या आईबापांना सवलतीत फिरवायची तिथे सोय होती. सोय त्याने केली खरी, पण आम्ही आल्यापासून तो आमच्यापासून लपतच होता. सकाळी खोलीवर यायचा, स्वच्छ शर्ट-पॅंट घालून दोन मिनिटं बोलायचा, आणि घड्याळ बघत निघून जायचा. कामाचं ठिकाण काही दाखवेना.

मी त्या जहाजावर समुद्र पाहायला गेले नव्हते. मला बापलेकांना एकदा एकमेकांशी नीट बोलताना पाहायचं होतं. ते का बोलत नव्हते, ते सांगते.

आमच्या वावरात, म्हणजे शेतात, दरवर्षी रोडग्यांचं जेवण असतं. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. ते वरणात चुरायचे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. या जेवणाला बायकांनी चुलीपाशी बसायचं नसतं. आर पेटवण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं पुरुषांचं काम, आणि तेही घरच्या पुरुषांचं. आमचे हे, म्हणजे पोराचे वडील, वरण वाढण्यात असे तरबेज, की आजूबाजूच्या गावांतून लग्नकार्यात यांना खास वाढायला बोलावणं यायचं. बादली घेऊन पंगतीतून निघाले की शेजारच्या पत्रावळीवर एक थेंब सांडत नसे. सगळं वाढून झालं की घरधनी पंगतीच्या मधोमध उभा राहतो आणि हात जोडून म्हणतो, "होऊ द्या सावकाश." तोवर आमच्या गावात कोणी घास मोडत नाही. पोटात कावळे कोकलत असले तरी नाही. आमच्याकडे ते शब्द म्हणायचा मान यांचा.

पोराने अमरावतीला राहून हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि यांच्या मनाविरुद्ध जहाजावर गेला. त्या वर्षीच्या रोडग्यांना आमचे जेठ, म्हणजे यांचे मोठे भाऊ, भर पंगतीत म्हणाले, "वावर सोडून लोकायची उष्टी काढाले गेलं पोट्टं." पोरगा सुट्टीवर आला होता, तिथेच पाणी वाढत होता. सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे काही बोलले नाहीत. बादली उचलून पुढच्या पत्रावळीकडे गेले.

मी जेठांना त्याच संध्याकाळी सुनावलं, वडीलधारे असले म्हणून काय झालं! पण पोराला माझं बोलणं नको होतं. त्याला बापाचा एक शब्द हवा होता. तो आला नाही, आणि मग त्यानेही तोंड मिटलं. गावात तो ऑफिसर आहे असं सांगू लागला. सुट्टीवर आला की बापाला "जेवले काय?" आणि "येतो" एवढंच म्हणायचा. हेही तसेच. मुक्याचा लेक मुका, मी दोघांच्या मधे बोलून बोलून थकले.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा एक काळा कोट हातावर टाकून आला. म्हणाला, आज संध्याकाळी फॉर्मल नाइट आहे. खालच्या मोठ्या भोजनगृहात सगळे सुटाबुटात जेवायला बसतात, आचारी आणि वाढपी ओळीने येऊन सलाम करतात, फोटो काढतात. तुमच्या दोघांच्या जागा धरून ठेवल्या आहेत.

यांनी कोट घालून पाहिला. खांदे अडले, बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. आरशात बघून म्हणाले, "बुजगावण्याले सुद्धा आपुन मापाचा सदरा घालतो."

"धोतर-टोपीत गेलो त चालत नाही काय?" मी विचारलं.

"चालते, पण लोक पाहतीन न मा," पोरगा म्हणाला.

"पाहू दे. मी शालू नेसून येतो, मलेबी पाहू दे."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने दुसरे पर्याय सांगितले. खोलीत फोन करून सॅंडविच मागवता येतं. मी म्हटलं, खोलीत ताट मागवायला मी काय बाळंतीण आहे? पोहण्याच्या तलावाशेजारी पाव-कटलेट भाजून देतात, ओल्या कपड्यांत गेलं तरी चालतं. यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नात धोतर नेसल्यापासून ज्या माणसाने उघड्यावर अंघोळ सोडली, तो ओल्या अंगाने पाव खाणार!

"अजून काई?" हे म्हणाले.

"वरच्या मजल्यावर बुफे असते," पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला. "ज्यायले नटाथटाचं नसते ते तिथी जातात. पण तुमी नोका जाऊ. तिथी गर्दी राह्यते. साधंच राह्यते. वरण-भात, भाजी."

वरण-भात ऐकून माझे कान टवकारले. दोन दिवस मैद्याचं खाऊन पोटाचा दगड झाला होता. आणि 'नोका जाऊ' म्हणताना त्याने कोटाची घडी तीनदा घातली, तेही मी पाहिलं. आईपासून काय लपतं?

संध्याकाळी मी शालू नेसले. यांनी पांढरं धोतर, सदरा आणि कडक टोपी घातली, कोट हातावर घेतला. पोराचा मान राखायचा म्हणून खाली निघालो. भोजनगृहाच्या दारात झगमगाट होता. लांब झगे, काळे सूट, अत्तराचा वास. दारातल्या माणसाने यांच्याकडे पाहून अदबीने वाकून नमस्कार केला, आत चला म्हणाला. कोणी अडवलं नाही, हे मुद्दाम सांगते. नाहीतर आमच्याकडच्या माणसाला कोणी अडवल्याशिवाय लोकांना गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही.

हेच थांबले. मला म्हणाले, "पोरगं इथी हाय काय?"

"इथी असतं त आपल्याले इथी धाडलं नसतं," मी म्हटलं.

यांनी कोट त्या दारातल्या माणसाच्या हातात दिला, हिंदीत म्हणाले, "संभाल के रखो, बच्चे का है," आणि लिफ्टकडे चालू लागले.

वरचा मजला खरंच साधा होता. लोक चपला घालून, चुरगळलेल्या कपड्यांत आले होते. लेकरं रडत होती. एका परदेशी म्हाताऱ्याने तर घरातला पायजमाच घातला होता. मला एकदम हलकं वाटलं. रांगेत ताट घेऊन उभे राहिलो आणि पुढे पाहिलं, तर वरणाच्या भांड्यामागे आमचा पोरगा. अंगात पांढरा डगला, कमरेला फडकं, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी, हातात पळी. मला हसू आलं. बापाच्या टोपीपेक्षा लेकाची टोपी उंच झाली होती.

त्याने आम्हाला पाहिलं आणि पळी भांड्यातच राहिली. मागे रांग थांबली. यांनी ताट पुढे केलं.

"वाढ," हे म्हणाले.

त्याने वाढलं. भातावर बरोबर मधोमध, आजूबाजूच्या भाजीला न लागता. एक थेंब इकडेतिकडे नाही. यांनी ताटाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि जागा शोधायला निघाले. मला वाटलं, बोला न आता काहीतरी! देवाने जीभ कशाला दिली आहे?

एका मोठ्या टेबलावर तो पायजमेवाला म्हातारा आणि त्याची बायको बसले होते, त्यांच्या शेजारी आम्ही बसलो. मी वरण-भात कालवला. हे मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, जेवा. म्हातारीला सूप आठवलं, ती उठून गेली, आली. मग म्हातारा पाव आणायला गेला. तो परत आला, आमच्या यांना तसंच बसलेलं पाहिलं आणि बिचाऱ्याने आपलाही चमचा खाली ठेवला. त्याला वाटलं असेल यांची काही प्रार्थना चालली आहे. त्याला बघून म्हातारीनेही ठेवला. शेजारच्या टेबलावरची गुजराती मंडळी वळून पाहू लागली. वरणावर साय धरायला लागली.

आता माझं डोकं तापलं. पोरगा पळी हातात धरून तिकडूनच पाहत होता. त्याला काय दिसत होतं ते मला दिसत होतं: बाप त्याच्या हातचं अन्न पुढे घेऊन बसला आहे आणि त्याला हात लावत नाही. मी दात आवळून म्हटलं, "हे पाहा, आज जर तुमी त्या ताटाले हात नाही लावला, त मी तुमच्या हातचा रोडगा जिंदगीत खानार नाही." आणि मला खरोखरच रडू फुटायच्या बेतात होतं. त्या रोडग्यांच्या पंगतीत हे असेच गप्प राहिले होते.

पोराने पळी दुसऱ्याच्या हातात दिली. येताना ती उंच टोपी काढून पाठीमागे धरली. टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत मार खाऊन यायचा तेव्हासारखा झाला होता.

"बाबा," तो म्हणाला, "जेवून काहून नाही राहिले? माह्या हातचं नोको काय?"

हे त्याच्याकडे बघतच राहिले. खरंच चकित झाले होते.

"जेवतो न," म्हणाले. "पण पंगतीले कोनी म्हनलंच नाही."

मी कपाळाला हात लावला. तीन दिवस खालच्या भोजनगृहात हेच गृहस्थ मुकाट्याने जेवत होते! तिथे यांना ते हॉटेल वाटत होतं. इथे पोराच्या हातात पळी पाहिली आणि यांच्या लेखी ती पंगत झाली. पंगत झाली म्हणजे घरधन्याने म्हटल्याशिवाय घास मोडायचा कसा?

पोराला कळायला जरा वेळ लागला. मग तो म्हणाला, "त म्हना न तुमी."

"मी कसा म्हनू बावा?" हे म्हणाले. "मी पाहुना हाय इथी. ज्यानं रांधलं, ज्यानं वाढलं, त्याचं घर. तू म्हन." आणि खाली ताटाकडे बघत म्हणाले, "उष्टी काढनाऱ्याले कोनी हा मान देत नाही. तुह्या मोठ्या बाबाले तवाच सांगाले पाह्यजे होतं मी."

पोरगा तिथे, त्या टेबलांच्या मधोमध उभा होता. पाठीमागे धरलेली टोपी त्याने पुढे आणली, नीट केली आणि सगळ्यांदेखत डोक्यावर घातली. मग हात जोडले. त्या मजल्यावर जेवणारे अर्धेअधिक लोक परके, त्यांना एक अक्षर कळणार नव्हतं, पण तो मोठ्याने म्हणाला, गावात वावरात म्हणतात तसा, आवाज लांबवर जाईल असा:

"होऊ द्या सावकाश!"

पायजमेवाल्या म्हाताऱ्याने चमचा उचलला. आमच्या यांनी घास मोडला, चावला, आणि ताट पुन्हा लेकापुढे केलं.

"वरण घेऊन ये अजून," म्हणाले. "आनि टोपी काढू नोको."