बाबल्याने होडी विकली

आमच्या घरी मोटारसायकल आली नाही, याला एका व्हिडिओ गेमचा दुसरा भाग जबाबदार आहे.

घर मालवणात, नोकरी ओरोसच्या कचेरीत आणि मधे एसटी! बाबा मच्छीमार, होडी चालवणारे तांडेल; मी कारकून. (होडीत पाय टाकला की मला उलटी होते. तांडेलाच्या एकुलत्या एका मुलाला!) मला गाडी हवी होती. त्यासाठी माडाखाली नुसती पडून असलेली आमची बारकी होडी विकावी, असा माझा बेत होता. पण हे बाबांना सांगायची छाती कुणाची?

त्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या आणि बाबांना टीव्हीवरच्या खेळाचं वेड लागलं. खेळ मी माझ्यासाठी आणला होता. दुसऱ्या दिवसापासून मला हात लावू देईनात! त्यात एक माणूस होडी घेऊन दर्यात जातो, खडक चुकवतो आणि शेवटी घराएवढ्या म्हाकुलाशी, त्या लांब सोंडांच्या माशाशी, लढतो. त्याचं खरं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला बाबलो म्हणू लागलो. शेजारचे गजाकाका मागे बसून ओरडायचे, "वारो बघ रे, बाबल्या!"

एके दिवशी बाबांनी म्हाकूल लोळवलं. वाडीभर जल्लोष! आणि मग? आभाळ काळं झालं, बाबल्याची होडी लाटांत दिसेनाशी झाली आणि खेळ संपला.

"संपलो? आणि बाबलो?" बाबा उभेच राहिले.

"बाबानू, खेळ तो."

"खेळ तुका! तो घराक पोचलो काय नाय?"

ज्या घरची माणसं दर्यात जातात, त्या घराला गेलेली होडी परत आलेली दिसावीच लागते. बाबांना जेवण जाईना. आईसुद्धा दिवेलागणीला विचारायची, "त्याचा काय कळला गो बाय?" (हे ती टीव्हीला विचारायची!) खरं सांगतो, मलाही चैन पडेना.

अशात बाजारातल्या दुकानदाराने बातमी दिली, दुसरा भाग आला! मी दुकानातच उडी मारली. कॅसेट घेऊन धावत घरी आलो आणि आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आये, बाबलो घराक पोचलो काय बाबा खूश होतले. आरडाओरडो ऐकलंस काय भायर ये आणि माझ्या गाडयेचो विषय काढ!"

"काढतंय रे झिला," आई भजी तळता तळता म्हणाली.

अर्धी वाडी आमच्या ओटीवर जमली. नारळ ठेवल्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही; गजाकाकांनी टीव्हीसमोर नारळ ठेवून चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या बाबल्याची होडी वादळात अडाकली हा, ती सुखरूप किनाऱ्याक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात गरजले. माझा आवाज सर्वांत मोठा होता.

बाबांनी बटण दाबलं. पडद्यावर वाळू! लखलखीत, पिवळीधमक वाळू!

"किनारो! पोचलो! बाबलो पोचलो!" ओटी दणाणली. गजाकाकांनी मला मिठी मारली, बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वाळूवर बाबलो आला. काळा चष्मा, चामड्याचं जाकीट आणि बुडाखाली मोटारसायकल!

गजाकाकांनी मिठी सोडली.

"होडी खंय?" बाबांनी विचारलं.

पुढे वाळू, त्याच्यापुढे वाळू. एक उंट दिसला.

"इतकी वाळू आणि दर्या नाय?" बाबा घामाघूम झाले. "मागे ऱ्हवलो असतलो! मागे फिर रे बाबल्या!" पण गाडी मागे फिरेना! आणि मग गजाकाकांनी (देव त्यांचं भलं करो) निकाल लावला.

"इकल्यान! मेल्यान होडी इकल्यान आणि गाडी घेतल्यान!"

"बापाशीची होडी?" बाबांनी बटण सोडून दिलं.

"बापाशीचीच!"

नेमकी त्याच क्षणी भज्यांचं ताट घेऊन आई हसतमुखाने बाहेर आली. तिने फक्त आरडाओरडा ऐकला होता.

"अवो, पोचलो मां बाबलो? बरा झाला! आता तुमीय ती बारकी होडी इकून टाका आणि आमच्या झिलाक गाडी घेवन देवा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी घाईघाईने अख्खं भजं तोंडात कोंबलं आणि जीभ भाजून घेतली. बाबा उठले, पावसात गेले आणि बारक्या होडीवरचं माडाच्या झापांचं छप्पर नीट करून आले.

पुढे कितीतरी वर्षं मी एसटीनेच ओरोसला गेलो. बाबा पहिला भाग खेळत राहिले. म्हाकूल मेलं की टीव्ही पटकन बंद करायचे, म्हणजे वादळच नको! आणि कुणी पाहुण्याने विचारलंच, "तांडेलानू, ह्या खेळाचो दुसरो भाग कसो आसा?" तर बाबा आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवत.

"पयलो भाग ह्यो," मग माझ्याकडे बोट दाखवत, "आणि दुसरो थंय बसलो हा. तूच बघ!"