नंबर तीनचं 'आमाले'

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नुसता नाही असं नव्हे, भोंदूबाबांविरुद्ध पत्रकं लिहून मी ती तुमसरच्या बाजारात वाटलेली आहेत. त्यामुळे हे वाचून हसायचं तर खुशाल हसा...

शहापूरला हायवेलगत आमच्या संघटनेची एक खोली आहे. गोसीखुर्द धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्यासाठी आम्ही काम करतो. धरणाला गाव दिलं यांनी, आणि नव्या वसाहतीत नळ कोरडे तेही यांचेच! मागच्या दोन सभांना माणसं जमली नाहीत, तर पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "लोकांची तक्रारच दिसत नाही." तिसरीही फसली असती तर पाण्याचा विषय कायमचा बंद. आणि पत्रक काढायला धड कॉम्प्युटर नव्हता.

सगळे मिळून चार जुने डबे. दुरुस्ती जाणणारा प्रवीण दुपारी ते तपासायला बसला. पहिले दोन भंगारात गेले. तिसऱ्यावर सुशीलाकाकू आमची पत्रकं टाइप करायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. माझा मजकूर हातात घेतला की त्यांचा टोमणा ठरलेला — "हे गावाले वाचाले लिवलं का कलेक्टरले?"

"ताई, याची हार्डडिस्क गेली. यालेबी फेका."

"काहून फेकायचं? दुसरा कोण देऊन राहिला?"

कुरकुरत त्याने कोरी डिस्क बसवली, सगळं नव्याने टाकलं. चाचणी म्हणून मी पत्रकाची पहिली ओळ टाइप केली — 'आम्हाला पाणी हवे.'

स्क्रीनवर उमटलं — 'आमाले पाणी पायजे.'

खोडलं. परत टाइप केलं. परत तेच.

"मस्करी करून राहिला का रे?"

"मी कायले करू? मी त चहा पिऊन राहिलो."

त्याने कीबोर्ड बदलला, स्वतः टाइप केलं. 'आमाले.' तोच कीबोर्ड चौथ्याला लावला, तर सरळ 'आम्हाला'. पण चौथ्याला प्रिंटर जोडला, तर छापेना. प्रवीणने कप खाली ठेवला. "काकू काही ऐकत नाही बाप्पा," तो हळूच म्हणाला.

वेळ नव्हता. वैतागून मी अख्खं पत्रक तसंच होऊ दिलं आणि छापलं.

वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर एका आजोबांनी ते मोठ्याने वाचलं. "कोनं लिवलं हे? आपल्यातलंच दिसते." सभेत बसायला जागा उरली नाही. साहेब उभेच राहिले. आता नळाला पाणी येतं.

कारण विचाराल तर नाही माहीत. सेटिंग म्हणावं तर डिस्क कोरी होती, प्रवीणने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. सभेनंतर ते एकदाही झालं नाही. नंबर तीन ठणठणीत आहे. मी अजून अधूनमधून 'आम्हाला' टाइप करून थांबते... 'आम्हाला'च उमटतं.

मग मीच ते खोडते, आणि 'आमाले' लिहिते.