सावंत काकूंच्या बाथरूमची लाईट

बोर्ड उघडला. टेस्टर लावला. फेज ठीक. न्यूट्रल ठीक. स्विचमागचं मॉड्यूल बाहेर काढून उलटसुलट बघितलं, परत जोडलं. स्विच दाबला, लाईट लागली. दाबला, बंद झाली. वीस वेळा तेच केलं. फॉल्ट काहीच नाही.

"सापडलं का रे, दत्ता?" सोफ्यावरून सावंत काकूंनी विचारलं. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात पट्टा.

"बघतोय काकू."

आदल्या दिवशी सकाळी काकू आंघोळ आटपून उठत होत्या आणि बाथरूमची लाईट गेली. मग आली. मग परत गेली. त्या बाथरूमला खिडकी नाही, नुसता एक्झॉस्ट पंखा आहे. स्विच दाराबाहेर. ओल्या फरशीवर अंधारात कडी चाचपडताना पाय सटकला आणि मनगट मोडलं. शेजारच्या वहिनींनी दवाखान्यात नेलं. काकू सत्तरीच्या पुढच्या. ऐरोलीतल्या ह्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. मुलगा बंगळुरूला असतो, निरंजनसर.

त्या घरातले स्मार्ट स्विच मी बसवलेले. म्हणून नानांनी मला पाठवलं होतं. नाना म्हणजे माझे मालक, घणसोली गावातले. महापेला त्यांचं ऑफिस आणि डेमोची खोली आहे. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. सर्टिफिकेट नाही, काही नाही. सुरुवातीला झिरी मारायचं, म्हणजे वायरसाठी भिंतीत खाच पाडायचं काम करायचो. नानांनी वायरिंग शिकवलं, मग हे ॲपचं काम हातात दिलं. गावाकडे मला लोक इंजिनियर म्हणतात. मी खोडून काढत नाही, पण मनात भीती असतेच की एक दिवस कोणीतरी येईल आणि म्हणेल, ह्याला काय येतं, काढा ह्याला.

तर काकूंच्या घराची गोष्ट. सहा महिन्यांपूर्वी निरंजनसरांना काचेचे टच पॅनल पाहिजे होते. काकूंना नको होते. त्यांनी मला खुर्चीत बसवून माझी तोंडी परीक्षाच घेतली.

"नेट गेलं तर लाईट लागेल का?"

"लागेल काकू."

"वीज जाऊन आली की सगळे दिवे आपोआप पेटणार का? पहाटे तीन वाजता घरभर लख्ख?"

"नाही काकू, तसं सेटिंग करता येतं. आधी बंद असेल तर बंदच राहील."

"आणि ओल्या बोटांनी त्या काचेला हात लावला तर?"

इथे मी जरा थांबलो. ओल्या बोटाला टच कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. खरं ते सांगितलं. त्यांना आवडलं ते. मग मी त्यांना मॉड्यूल सुचवलं. मॉड्यूल म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, जुन्या स्विचच्या मागे बोर्डात बसते. बाहेरून बोर्ड तोच, खटका तोच. मोबाइलवरूनही चालतं, हातानेही चालतं. फक्त बोर्डात न्यूट्रल वायर लागते, कारण लाईट बंद असतानाही त्या डबीला स्वतः जागं राहायला वीज लागते. काकूंच्या बोर्डात न्यूट्रल होती.

बसवून झाल्यावर काकू उठल्या, राउटर बंद केला आणि हॉलची लाईट हाताने लावून बघितली. लागली. "हं," म्हणाल्या, "हे घर चालवेल."

निरंजनसरांना ते पटलं नव्हतं. पण आईपुढे बोलले नाहीत.

आता मी बोर्डापुढे उभा होतो आणि काकूंच्या फोनच्या स्पीकरवर तेच निरंजनसर होते.

"दत्ता, मला स्पष्ट उत्तर हवंय. डॉक्टर म्हणतात चक्कर आली असेल. ह्या वयात डोळ्यापुढे अंधारी येते, पेशंटला वाटतं लाईट गेली. आई म्हणते गेली, आली, परत गेली. सोसायटीत कोणाकडे वीज गेली नव्हती, मी विचारलंय. स्विच ठीक असेल तर चक्कर. मग मी तिला एकटी ठेवणार नाही. रविवारी येतो आणि घेऊन जातो."

"मी कुठेही येत नाही," काकू म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. मग माझ्याकडे बघून हळूच बोलल्या, "लाईट गेली होती रे. असं मला वाटतंय तरी."

ते 'वाटतंय' मला लागलं. दोन दिवसांपूर्वी ही बाई असं बोलली नसती.

मी म्हटलं, "सर, दोन मिनिटं. ॲपमध्ये हिस्टरी असते, ती बघतो."

हिस्टरी म्हणजे कुठला स्विच कधी चालू झाला, कधी बंद झाला, कोणी केला, त्याची नोंद. ती फक्त घराच्या मालकाच्या मोबाइलवर दिसते. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ॲप सुरू करताना मोबाइल नंबर टाकावा लागतो, त्यावर ओटीपी येतो. ज्याचा नंबर, तो ॲपच्या दृष्टीने घराचा मालक. काकूंकडे तेव्हा बटणाचा फोन. निरंजनसर मीटिंगमध्ये, दोनदा लावला, दोनदा कट केला. मग आमच्या लाईनमध्ये सगळे करतात तेच मी केलं. माझा नंबर टाकला. नंतर सरांना 'मेंबर' म्हणून जोडलं. त्यांच्या मोबाइलवर सगळं चालत होतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मालक मी, पाहुणे ते. बदलून देऊ म्हटलं, राहून गेलं. असं एकच घर नव्हतं.

हिस्टरी उघडली. कालची तारीख. बाथरूम.

१०:४२ बंद. दत्ता.
१०:४२ चालू. दत्ता.
१०:४२ बंद. दत्ता.

मी नाव परत वाचलं. माझंच. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला, तो आवाज मला लांबून कुठून तरी आल्यासारखा वाटला. काल दहा बेचाळीसला मी महापेला होतो. डेमोच्या खोलीत. एक आर्किटेक्ट मॅडम आल्या होत्या. भिंतीवरच्या डेमो बोर्डला आम्ही घरासारखी नावं दिलीत: हॉल, किचन, बाथरूम. मी मोबाइलवर बाथरूम दाबलं. बल्ब तसाच. परत दाबलं. परत दाबलं. "नेट स्लो आहे मॅडम," म्हटलं. मग दिसलं की ॲपमध्ये वर घर दुसरंच निवडलेलं आहे. डेमोचं घर निवडलं, बल्ब लागला, मॅडम खूश. दुसरं घर कोणाचं, तेसुद्धा मी बघितलं नव्हतं. नंतर मी चहा प्यालो.

खाली चौथी नोंद होती.

१०:५५ चालू. स्विचवरून.

हे माझं नव्हतं. हे काकूंचं. मोडक्या हाताने दार उघडून, भिंतीला धरून, बाहेर येऊन त्यांनी खटका दाबला तेव्हाची. मी मोजलं. तेरा मिनिटं.

"काय निघालं?" स्पीकरवरून सर.

खरं सांगतो, त्या वेळी डोक्यात पहिल्यांदा काकू आल्या नाहीत. नाना आले. नोकरी आली. मॉड्यूलवर एक बारीक बटण असतं. पाच सेकंद दाबून धरलं की सगळं कोरं होतं, हिस्टरीसकट. नवीन मॉड्यूल माझ्या बॅगेत होतं. नाना निघताना म्हणाले होते, "जास्त डोकं नको लावू. बदलून टाक. जुना डीलरच्या तोंडावर मारू."

मी म्हणालो, "सर, मॉड्यूल खराब आहे. आतला रिले अडकतोय."

रिले म्हणजे डबीतला खटका. तो अडकत नव्हता. पण मला वाटलं, ह्यात सगळ्यांचंच भागलं. चक्कर नाही म्हणजे काकू इथेच. फॉल्ट कंपनीचा म्हणजे मीही इथेच.

सर म्हणाले, "म्हणजे बाकीचेही तसलेच. सगळे एकाच वेळचे. उद्या गॅसपाशी उभी असताना लाईट जाईल. नाही, ह्या घरात तिला ठेवणं शक्य नाही. आई, बॅग भर. रविवारी निघायचं. फ्लॅट भाड्याने देऊ."

काकू उजव्या हाताने गळ्यातल्या पट्ट्याची घडी नीट करत बसल्या. मग मला म्हणाल्या, "तुझी चूक नाही हो बाळा. निरंजन म्हणत होता काचेचे घे, चांगले घे. मीच हट्टाने हे घेतले. निवड माझी चुकली."

मी बोर्ड सोडून सोफ्यापाशी आलो.

"काकू, स्विच चांगला आहे," मी म्हणालो. "लाईट मी घालवली."

"काय?"

"महापेवरून. मोबाइलवरून. चुकून. तुमचं घर अजून माझ्या नंबरवर आहे." मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेऊन मांडीवर ठेवला आणि चष्मा वर करून एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"म्हणजे खरंच गेली होती," त्या म्हणाल्या. "गेली, आली, गेली. निरंजन, ऐकतोयस ना? मला काही झालेलं नाही. लाईट गेली होती!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. कालपासून ही बाई स्वतःच्याच डोक्यावर संशय घेत बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांचा चेहरा बदलला. मोबाइलवर बोट सरकवलं. आदल्या दिवसाच्या नोंदी. त्याच्या आदल्या दिवसाच्या. पहाटे पाचला किचन. दुपारी बेडरूम. रात्री दोनदा बाथरूम.

"हे सगळं तुला दिसतं?"

"मी कधी बघितलं नाही काकू. आईशप्पथ."

"बघितलं नाहीस. पण दिसतं." मोबाइल त्यांनी टीपॉयवर ठेवला, जरा लांब. "मी किती वाजता उठते, घरात आहे की नाही, सहा महिने तुझ्या खिशात होतं. आणि मी मेली राउटर बंद करून बघत बसले."

स्पीकरवर निरंजनसर सुटले होते. पोलीस, वकील, तुझा मालक कोण, त्याला लाव. मी नानांना लावला. दोन वाक्यांत सांगितलं.

"किती घरं हायत तुझ्या नंबरवर?"

"एकोणीस, नाना."

"आयला." "थांब तिथंच. येतंय मी."

अर्ध्या तासात नाना आले. काकूंसमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला वाटलं आता सगळ्यांदेखत काढणार. नानांनी स्वतःचा मोबाइल काढला, ॲप उघडलं आणि काकूंना दाखवलं.

"बाई, याला दोष देऊ नका. मीच शिकवला याला. गिऱ्हाइकाच्या मागं ओटीपीसाठी फिरू नको, आपल्या नंबरवर चालू कर, बोललेलो. माज्या फोनात चाळीसच्या वर घरं हायत. मना कधी वाटलाच नाय का ही लोकांची घरं हायत."

"मग काय वाटलं होतं?" काकूंनी विचारलं.

"साइट," नाना म्हणाले.

काकूंनी त्यांना पाणी आणायला लावलं, स्वतःसाठी. नाना निमूट किचनमध्ये गेले.

दवाखान्याचा सगळा खर्च नानांनी केला. पोलिसात प्रकरण गेलं नाही, ते काकूंमुळे. निरंजनसर रविवारी आले, बॅग न घेता. आईसाठी साधा स्मार्टफोन घेऊन आले होते. त्यांच्यासमोर मी घर माझ्या नंबरवरून काढलं, काकूंच्या नंबरवर घातलं. ओटीपी काकूंनी स्वतः टाकला, एका हाताने, दोनदा चुकून. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "तू लांब उभा राहा." सर माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. ते बरोबरच आहे.

त्यानंतर महिनाभर मी आणि नाना घरोघर फिरत होतो. दार उघडलं की सांगायचं, साहेब, तुमच्या घराचे स्विच आमच्या मोबाइलवर आहेत, माफ करा, बदलायला आलोय. खारघरला एकाने दार तोंडावर आपटलं आणि सगळे स्विच काढून न्यायला लावले. खांदेश्वरला एका आजोबांनी चहा दिला आणि म्हणाले, "राहू दे रे तुझ्याकडेच, मला कुठे कळतंय त्यातलं." त्यांना समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

माझी नोकरी राहिली. तीन महिने ॲपचं काम काढून घेतलं होतं, परत झिरी मारायला गेलो. तक्रार केली नाही. नानांचे उपकार आहेतच, काकूंचेही आहेत. त्या एक शब्द वेगळा बोलल्या असत्या तर मी आज हे लिहीत नसतो. आणि मनगटाऐवजी डोकं आपटलं असतं तर काय झालं असतं, तो विचार अजूनही आंघोळ करताना मधेच येतो. मी दार थोडं उघडं ठेवतो.

लोक मला विचारतात, स्मार्ट स्विच कुठल्या कंपनीचे घ्यावेत, भरवशाचे कुठले? मी सांगतो, न्यूट्रल आहे का बघा, हाताचा खटका शाबूत ठेवा, नेट बंद करून लावून बघा. पण बसवणारा निघायच्या आधी त्याला विचारा, घर कोणाच्या नंबरवर चालू केलंस? तो म्हणेल, नंतर बदलून देतो. त्याला तिथेच बसवून ठेवा.

आणि बाथरूमला साधा स्विच लावा. काकूंच्या बाथरूमला आता तोच आहे. मी लावलाय, त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.