घाशाने लख्ख केलेला तवा

पहाटे चारला घाशाचा दिवस सुरू व्हायचा. खरं नाव हजेरीपुरतं; ओतकामाच्या कारखान्यात सगळे त्याला घाशाच म्हणायचे. साच्यातून निघालेले काळे भाग घासून लख्ख करणं हे त्याचं काम. मी शेजारच्या यंत्रावर होतो. त्याच्या हातून गेलेल्या भागावर काळा ठिपका मी कधी पाहिला नाही.

त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर परत आला नाही. लोखंडी तव्याला अंडं चिकटायचं आणि एका हाताने खरवडायला गेलं की तवाच गरगर फिरायचा. म्हणून निघण्याआधी घाशा त्यांचं अंडं करून झाकून ठेवायचा. त्या उठून ते गार खायच्या. स्वतःच्या हाताने करून गरम खावं, एवढंच त्यांना हवं होतं.

घाशाने नॉनस्टिक तवा आणला. जरा हलवला की अंडं ताटलीत घसरायचं. वहिनी खुशीत होत्या. मग सुट्टीच्या दिवशी भांडी घासायला घाशा बसला. तव्याचं काळं त्याला बघवेना. आधी तारेची घासणी, नंतर कारखान्यातला पॉलिश पेपर. दुपारपर्यंत त्याने तव्याचा आरसा केला आणि मोठ्या तोऱ्यात वहिनींपुढे धरला.

त्या म्हणाल्या, "अहो, ते काळंच तर कामाचं होतं."

दुसऱ्या दिवशी अंडं असं बसलं, जणू तव्यातच ओतलंय. पुन्हा गार अंडं सुरू झालं.

घाशाचं चित्त थाऱ्यावर राहीना. डबा उघडायचा, दोन घास खाऊन उठायचा. यंत्र बंद असलं तरी हात चालूच. जादा पाळ्या घेतल्या आणि सुटल्यावर मला ओढत भांड्यांची दुकानं पालथी घालू लागला. तवा डाव्या हाताने, दोन बोटांत उचलून बघायचा. बूड सपाट आहे का ते बघायला त्याला खिशातली पोलादी मोजपट्टी लावून उजेडापुढे धरायचा. एक हलका होता, पण मुठीच्या भाराने मागे कलंडायचा. दुसऱ्याचं बूड चांगलं जाड, पण वहिनींना तो पेलला नसता. एक दुकानदार वैतागला. "काका, तवा घेताय की सून बघताय?"

"सून उचलावी लागत नाही," घाशा म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

शेवटी मीच त्याला झापलं. दुसऱ्याचं मनगट तू किती दिवस मोजणार? वहिनींना घेऊन ये.

त्या आल्या. चार-पाच तवे उचलून पाहिले आणि एका अंड्यापुरता, आखूड मुठीचा तवा बाजूला काढला. सोबत लाकडी उलथनं आणि मऊ स्पंज. घाशाचा हात पट्टीकडे गेला.

"मनगट माझं आहे," त्या म्हणाल्या. "पट्टी ठेवा खिशात. आणि हा तवा मीच धुणार."

दुसऱ्या दिवशी घाशा पहिल्यांदाच कामावर उशिरा आला. बूट घालून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता. दोनदा पुढे झाला, दोनदा मागे आला. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. कोपर ओट्याला टेकवलं, तवा कलता केला. बलक फुटला, पण अंडं ताटलीत उतरलं. त्यातून वाफ निघत होती, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

त्याच्या जादा पाळ्यांचे पैसे त्या एका अंड्याच्या तव्यात गेले.